दाढेचे धनको

कृतज्ञतेचा उपदेश अलीकडे फार स्वस्त झाला आहे. पहाटे उठावे, आपल्या वाट्याला आलेली चार सुखे वहीत टिपून ठेवावीत आणि त्या टाचणाच्या बळावर दिवसभर प्रसन्नचित्ताने वावरावे, असा जो एक विधी रविवारच्या पुरवण्यांतून आणि योगवर्गांच्या समारोपांतून सांगितला जातो, त्याविषयी माझ्या मनात आकस नाही. परंतु ज्याची खालची अक्कलदाढ मध्यरात्री ठणकते आहे, ज्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत कळा धावताहेत आणि ज्याच्या दोन दंतपंक्तींमध्ये चहाचा चमचा आडवा सरकेल एवढीही फट उरलेली नाही, त्याच्यापुढे ती वही नेऊन ठेवण्याचे धार्ष्ट्य त्या उपदेशकांपैकी कितीजण करतील, याची मला शंका आहे. वेदनेचा अंमल चालू असेतो मनुष्य कृतज्ञ वगैरे काही नसतो. तो निव्वळ अर्जदार असतो. आणि वेदना थांबल्यावर त्याला जे वाटते, त्याला आपण घाईघाईने कृतज्ञता हे भारदस्त नाव देतो खरे, पण ती बहुधा नुसती सुटका असते. सुटकेला स्मरणशक्ती फार थोडी. आठवडा लोटला की ती पुन्हा चिवडा खाऊ लागते आणि कोणी आपल्याला सोडवले, कशाने सोडवले, याची विचारपूस करण्याच्या भानगडीत पडत नाही.

गंगापूर रोडवर राहणाऱ्याला दाताची तक्रार रुजू करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अशोकस्तंभापासून निघून जेहान सर्कल ओलांडून आनंदवल्ली-सोमेश्वराकडे जाणाऱ्या या रस्त्यावर महाविद्यालये, मंगल कार्यालये, मिसळीची ठिकाणे आणि दंतवैद्यांच्या पाट्या यांची अशी काही सरमिसळ झाली आहे की, खाण्याची आणि खाल्ल्याचे परिणाम भोगण्याची तजवीज जणू एकाच फर्लांगात करून ठेवली असावी. माझी दाढ हाडात आडवी निजलेली होती. तिच्यावर हिरडीची अर्धवट झडप, झडपेखाली साचलेला संसर्ग, आणि तो चर्वणाच्या स्नायूंपर्यंत पोहोचल्यामुळे त्यांनी घेतलेला आखडता पवित्रा, असा एकंदर प्रकार होता. आधी औषधांनी सूज उतरवली, मग हिरडी उघडून, थोडे हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती बाहेर काढली आणि टाके घातले. तपशील एवढा पुरे. दाढदुखीची सविस्तर हकीकत ऐकण्याचा उत्साह जगात फक्त दुसऱ्या दाढदुखीच्या रुग्णाला असतो.

खरी कथा सुरू होते ती त्यानंतर. दाढ गेली तरी जबडा लगेच उघडत नाही. आखडलेले स्नायू पुन्हा कामावर हजर होण्यास राजी नसतात, आणि त्यांना राजी करण्याची जी युक्ती दंतवैद्यांच्या शास्त्रात आहे, ती इतकी साधी आहे की प्रथम ऐकताना थट्टाच वाटावी. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचायच्या, तो गठ्ठा दातांमध्ये हलकेच धरायचा, आणि जबड्याला त्या उंचीची सवय झाली की आणखी एक काडी मध्ये सरकवायची. माझ्यावर उपचार करणारी दंतवैद्य वयाने माझ्या मुलीएवढी. तिने काड्यांची जुडी हातात ठेवली आणि म्हणाली, "काका, घाई करू नका, पण लाडही करू नका. दुखेल तिथे थांबा, आणि थांबलात तिथून उद्या एक काडी पुढे." मग सकाळचे वर्तमानपत्र समोर, तोंडात काड्यांची चळत, लाकडाची ती तुरट-कोरडी चव जिभेवर, कानाच्या पुढल्या सांध्यात होणारी बारीक कट्कट, आणि हनुवटीवरून ओघळणारी लाळ टिपण्यासाठी मांडीवर पंचा, अशा थाटात मी कितीतरी अग्रलेख वाचले. संपादकांना पटो वा न पटो, पण त्या अवस्थेत त्यांच्याशी मतभेद व्यक्त करण्याची काहीच सोय नसते.

जबड्याचा सांधा ही चीज मोठी अजब आहे. इतर सांधे एकेकटे वागू शकतात. उजवा गुडघा मोडला तरी डावा आपल्या परीने चालू राहतो. पण जबड्याचे हाड एक आणि त्याचे सांधे दोन, एकेका कानापुढे एकेक. त्यामुळे एका बाजूने संप पुकारला की दुसऱ्या बाजूलाही काम बंद ठेवावे लागते. शिवाय हा सांधा बिजागरीप्रमाणे नुसता फिरत नाही, तो पुढे घसरतोही. बोलणे, गिळणे, जांभई, हसू, विडा चघळणे आणि विहिणीवर दात-ओठ खाणे ही सारी कामे तो तक्रारीविना करतो. भाजलेला पापड मोडतो तेव्हा त्याचा जो आवाज आपल्याला ऐकू येतो, त्याचा मोठा हिस्सा हवेतून येत नाही, हाडातून थेट कानात पोहोचतो. म्हणूनच आपला पापड शेजाऱ्याच्या पापडाहून नेहमी अधिक कुरकुरीत वाटतो. हा नाद दीर्घकाळ बंद राहिला आणि एके दिवशी, तो पापड नव्हता, द्राक्षाचा एक घट्ट मणी होता, त्याची साल दाताखाली फुटली तेव्हा तो बारीकसा आवाज मला डोक्यात स्पष्ट ऐकू आला. नाशिकमध्ये जन्म काढलेल्या माणसाने द्राक्षाचा आवाज कधी ऐकला नव्हता, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या द्राक्षाच्या क्षणी मला जे वाटले ती कृतज्ञताच होती, असे मी म्हटले असते. पण ती कोणाविषयी, हा प्रश्न लगेच उभा राहिला. दैवाविषयी? दैवाने दाढ आडवी घातली होती. निसर्गाविषयी? निसर्गावर सोपवले असते तर संसर्ग गळ्यापर्यंत उतरला असता, आणि दाताच्या संसर्गाने श्वास कोंडून माणसे दगावणे वैद्यकाला अपरिचित नाही. माझे मत असे आहे की, ज्या कृतज्ञतेला धनकोचे नाव सांगता येत नाही ती कृतज्ञता नव्हे, बऱ्या झालेल्या प्रकृतीची खुशाली आहे. ऋण म्हटले की धनको आलाच, आणि त्याचा पत्ता शोधून काढणे हे ऋणकोचे पहिले कर्तव्य.

माझ्या धनकोंमध्ये अग्रभागी घरची मंडळी आहेत, हे सांगायला नकोच. मुगाची खिचडी रवीने घुसळून, चाळणीतून गाळून, मनगटावर एक थेंब घेऊन ऊब पाहायची आणि मग वाटी पुढे करायची, हे काम ज्या घरात लहान मूल नाही त्या घरात पुन्हा कोणाला करावे लागणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. नाचणीच्या आंबिलीत मीठ किती, आणि टाक्यांना झोंबेल म्हणून जिरे-मिरे किती कमी, याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. तो माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी दिवसातून अनेकदा केला. यापलीकडे या परिच्छेदात लिहीत नाही, कारण त्या व्यक्तीला वर्तमानपत्रात आलेली स्तुती आवडत नाही आणि हे वर्तमानपत्र आमच्या घरी येते.

दुसरा धनको मला बराच दूर, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी सापडला. होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने 10 डिसेंबर 1844 रोजी हास्यवायूचा एक जाहीर खेळ पाहिला. खेळात वायू हुंगलेल्या एका इसमाच्या पायाला जबर मार लागला, पण त्याला त्याची दादही नव्हती. प्रेक्षक हसले, वेल्स हसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि आपल्या एका सहव्यावसायिकाकडून स्वतःची दाढ उपटवून घेतली, आणि वेदना झाली नाही. दंतवैद्याने आपल्या शोधाचा पहिला रुग्ण म्हणून स्वतःचाच जबडा पुढे करावा, याहून मोठे सौजन्य मला सुचत नाही. पुढे 1845 च्या जानेवारीत बोस्टनमध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रयोग केला, वायू पुरेसा दिला गेला नाही, रुग्ण ओरडला, आणि सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढल्याच वर्षी, 16 ऑक्टोबर 1846 रोजी, त्याचाच एकेकाळचा भागीदार मॉर्टन याने त्याच गावी ईथरचा प्रयोग यशस्वी करून दाखवला आणि कीर्ती त्याच्या पदरात पडली. वेल्सचे मन बिघडले. क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता तो त्याच्या आहारी गेला आणि जानेवारी 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात, वयाच्या 33 व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. पॅरिसच्या वैद्यकांनी शोधाचे श्रेय त्याला दिल्याची वार्ता येऊन पोहोचली ती त्याच्या मृत्यूनंतर. जगाने त्याचे देणे वेळेवर चुकते केले नाही, आणि गंगापूर रोडवरच्या खुर्चीत तोंड वासून बसलेला प्रत्येक इसम त्या थकबाकीचा वारस आहे.

आज खुर्चीत बसल्यावर जी सुई टोचतात तिच्यातल्या औषधाची कुळी निराळी. ते लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट या रसायनशास्त्रज्ञांनी सिद्ध केले. या शोधाचा उगम एका चवीत आहे: प्रयोगशाळेत बनलेल्या एका पदार्थाची कणभर चव घेतली तेव्हा जीभ बधिर झाली, आणि त्या बधिरतेचा माग काढीत वर्षानुवर्षे काम चालले. लुंडक्विस्टने ते औषध स्वतःच्या शरीरात टोचून पाहिले होते. असेच ऋण दाताच्या चित्राचे: क्ष-किरणांची बातमी जगाला कळून महिना उलटतो न उलटतो तोच, 1896 च्या जानेवारीत, वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या तोंडात काच धरून दातांचे पहिले चित्र घेतले, आणि त्यासाठी तो 25 मिनिटे निश्चल बसला. माझे चित्र क्षणात निघाले, तरी मी कुरकुरलो.

आपल्याकडे मुखरोगांचे ज्ञान नव्हते असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत मुखाचे 65 रोग मोजले आहेत, ओठ, हिरडी, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशा सात जागी त्यांची विभागणी केली आहे, आणि जबडा निखळण्याचा विकार चक्क दातांच्या रोगांत धरला आहे. सांध्याचे दुखणे दातातून उपजते हे त्या वैद्याने ओळखले असावे. उणे होते ते वेदनाहरणाचे. आमच्या रस्त्यालगतच्या आनंदवल्लीला राघोबादादांनी वास्तव्य केले, पत्नी आनंदीबाईंचे नाव त्या गावाला लाभले. पण पेशवाईच्या तख्तासाठी झगडलेल्या त्या पुरुषाची अक्कलदाढ अशी उठली असती, तर लवंग, हिंग, चार दणकट सेवक आणि एक सांडशी यांपलीकडे पुण्याच्या साऱ्या खजिन्यालाही त्याच्यासाठी काही विकत घेता आले नसते. आज माझ्यासारख्या पेन्शनरास जे सुख मिळते ते श्रीमंतांस मिळत नव्हते. अर्थात ते सुख सर्वांस मिळते असा समज कोणी करून घेऊ नये, आणि येथेच माझ्या कृतज्ञतेच्या हिशेबात घोळ सुरू होतो.

नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर लागतो. मारुतीचा जन्म तेथला, अशी आपल्याकडची परंपरा. सूर्याकडे झेपावलेल्या त्या बालकाला इंद्राने वज्र मारले, तो पर्वतावर कोसळला आणि त्याची डावी हनु भंगली, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे; पण तिचा पुढला भाग मला या आजारपणात नव्याने उमगला. लेकराचा जबडा मोडला म्हणून वायूने आपला संचार आवरता घेतला, चराचराचा श्वास कोंडला, आणि अखेर सारे देव धावत त्या गुहेशी आले व एकेकाने त्या बालकाला वर दिले. एका पोराच्या जबड्याचा प्रश्न पुराणकाराने सबंध विश्वाचा प्रश्न केला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, आणि तेथून पुढे हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर, आज एखाद्या मुलाचा दात किडला, गाल सुजला, तर तो प्रश्न त्याच्या आईच्या पदराबाहेर जात नाही.

प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या पायरीवर दंतवैद्य सहसा भेटत नाही. केंद्र सरकारने 2014-15 पासून राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम हाती घेतला, कागदोपत्री त्याची उद्दिष्टे उत्तम आहेत. पण आरोग्यविम्याच्या कलमांत दाताचे उपचार, अपघात सोडला तर, बहुधा वगळलेले असतात, जणू दात हा देहाचा भाग नसून एखादा शौक आहे. परिणामी पेठच्या मजुराने दाढ वाचवायची म्हटले तर एका मुळाच्या उपचारासाठी शहरात पुन्हा पुन्हा खेपा, प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. म्हणून तो शेवटी दाढ काढूनच टाकतो. ते स्वस्त पडते. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे दंतमहाविद्यालय आहे, 1998 मध्ये स्थापन झालेले राज्याचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरुळास आहे आणि महाराष्ट्रभरच्या दंतवैद्यकाच्या पदव्या येथून दिल्या जातात. तेव्हा या जिल्ह्याने तरी दाताला शौक म्हणण्याची मुभा घेऊ नये.

आणि ज्यांचा बंद झालेला जबडा पुन्हा उघडण्याची आशाच नसते, त्यांचे काय? सुपारी आणि गुटखा यांनी गालांची आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तोंड बोटाबोटाने मिटत जाते. काड्यांच्या ज्या कसरतीचे मी वर कौतुक केले ती त्यांच्या बाबतीत फारशी कामास येत नाही. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात असे आढळले, आणि 24.4 टक्के लोकांचा तंबाखू धुराचा नव्हे, चघळण्याचा, दाढेखाली धरण्याचा किंवा मशेरी म्हणून हिरड्यांना चोळण्याचा. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही पानाच्या टपरीवर उभे राहून पाहावे. आर. आर. पाटील यांच्यासारखा गृहमंत्रिपद भूषवलेला नेता 16 फेब्रुवारी 2015 रोजी मुखाच्या कर्करोगाने गेला. शरद पवार यांना 2004 च्या निवडणुकीच्या धामधुमीत याच रोगाने गाठले. दात काढावे लागले, तोंड उघडेना, गिळणे आणि बोलणे दुष्कर झाले, हे त्यांनी पुढे दंतवैद्यांच्याच व्यासपीठावरून स्वतः सांगितले आणि सुपारीच्या सवयीबद्दल खेद प्रकट केला. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो. वाचलेल्या जबड्याचा याहून रास्त विनियोग मला दिसत नाही. त्यांनी आपल्या धनकोचा पत्ता नेमका ओळखला: ज्यांचे तोंड अजून मिटलेले नाही अशी अनोळखी माणसे.

माझे एक स्नेही, जे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नित्य भेटतात, यावर म्हणाले, "अहो, तुम्ही बरे झालात, देवाचे आभार माना आणि गप्प बसा, त्यात सरकारला कशाला ओढता?" त्यांचा आक्षेप मी तुच्छ मानीत नाही. आभार ही खासगी बाब आहे, तिला मागणीपत्राचे रूप दिले की तिच्यातला ओलावा आटतो, हे त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण वेल्सचे देणे मी वेल्सला आता फेडू शकत नाही, लुंडक्विस्टलाही नाही. ज्याचा धनको हयात नाही त्याने ते देणे कोणत्या खाती भरावे, हा व्यवहाराचा सवाल आहे, आणि जुन्या काळी अशा रकमा धर्मादाय खाती वळत्या करीत, ती पद्धत मला शहाणपणाची वाटते. शिवाय माझी दाढ एका बाईच्या कौशल्याने निघाली. त्या बाईचे शिक्षण ज्या रुग्णांच्या तोंडांवर हात बसवून झाले, ते बहुतेक दंतमहाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्वस्त उपचारासाठी बाकावर ताटकळलेले खेडूत होते. नवशिक्या हाताची पहिली सुई त्यांनी सोसली, सराईत हाताची मला मिळाली.

म्हणून मागणी एकच आणि मोजकी करतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे. त्यासाठी रस्ते, घाट, पूल आणि वैद्यकीय छावण्या यांवर जो अमाप पैसा खर्च होत आहे, त्यातून प्रत्येक छावणीत दंतवैद्याची एक खुर्ची, एक क्ष-किरण यंत्र आणि निर्जंतुकीकरणाचे एक पात्र मांडावे. साधू आणि यात्रेकरू यांनाही दात असतातच, आणि तंबाखूही. पर्व आटोपल्यावर मात्र या खुर्च्या गोदामात धूळ खात पडू न देता त्यांची रीतसर यादी करून हरसूल, पेठ आणि सुरगाणा येथील रुग्णालयांकडे, त्या वापरतील अशा दंतवैद्यांच्या नेमणुकीच्या हुकुमासह, रवाना कराव्यात; आरोग्यविज्ञान विद्यापीठाने आंतरवासितेतल्या विद्यार्थ्यांच्या पाळ्या तेथे लावाव्यात, आणि त्यांच्या एसटीच्या पासाचा खर्च कोणी उचलावा यावर फाइल अडू लागली तर माझ्यासारख्या गंगापूर रोडवरच्या चार बऱ्या झालेल्या जबड्यांना सांगावे. आम्ही वर्गणी काढू.